हळदीत शिसं आलं कुठून? वावरापासून गिरणीपर्यंतचा उलटा माग

एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. कंपनी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली, सभासद बहुतेक बचत गटांतल्या महिला, माल वायगाव हळदीची पावडर. ६०० किलोचा एक लॉट खरेदीदाराने तपासून घेतला आणि अहवालात शिसं आलं किलोमागे १८ मिलिग्रॅम. लॉट परत आला. आता गावात जितकी तोंडं तितकी कारणं. कोणी म्हणतं जमिनीतच आहे, कोणी सुपर फॉस्फेटला दोष देतं, कोणी औष्णिक केंद्राच्या राखेला, तर कोणी हळद शिजवायच्या जुन्या ड्रमला. सगळ्या सभासदांच्या वावरांतली माती तपासायला पाठवायची तयारी चालली आहे. सुरुवात तिथूनच करायची ना, असं ताई विचारतात.

नाही ताई, तिथून नको. मातीचा नंबर शेवटचा. माती तपासण्यात वाईट काही नाही, पण तुमच्या अहवालातला आकडा मातीतून येण्याइतका लहानच नाही. हे प्रयोगशाळेत न जाताही कागदावर सिद्ध होतं, म्हणून आधी तो हिशेब करू.

आपली काळी माती बेसाल्टच्या दगडाची. या दगडात लोह, मँगनीज, तांबं, निकेल, क्रोमियम भरपूर असतं, पण शिसं मुळातच कमी. तरी मोठ्या मनाने धरा, की तुमच्या मातीत किलोमागे २० मिलिग्रॅम शिसं आहे. आता समजा हळकुंडं नीट धुतलीच नाहीत आणि पावडरीत वजनाने १ टक्का माती गेली. त्या मातीने पावडरीत किलोमागे ०.२ मिलिग्रॅम शिसं येईल. मातीतूनच १८ यायचं असेल, तर पावडरीत दहातले नऊ भाग माती हवी! कायद्याने हळद पावडरीत आम्लात न विरघळणारी राख १.५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. ही चाचणी मातीची भेसळ पकडण्यासाठीच आहे आणि तुमच्या अहवालात ती बहुधा केलेली असेल. एकदा तो रकाना पाहून घ्या. तो आकडा मर्यादेत असेल तर माती लागून आली ही शक्यता तिथेच संपली.

मुळांनी शोषून घेतलं असेल, ही दुसरी शंका. आपली जमीन चुनखडीयुक्त, सामू साधारण साडेसात ते साडेआठ, आणि चिकणमातीचं प्रमाण मोठं. अशा जमिनीत शिसं मातीच्या कणांना घट्ट धरून राहतं, पिकात फारसं चढत नाही. स्वच्छ जमिनीतल्या हळदीत वाळलेल्या वजनावर ते सहसा एका मिलिग्रॅमच्या आतच सापडतं.

सुपर फॉस्फेटचाही हिशेब करून टाकू. एकरी ४ पोती, म्हणजे २०० किलो. खत अगदी वाईट आहे आणि त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसं आहे असं धरलं, तरी एकरात वर्षाला २० ग्रॅम शिसं पडेल. नांगरटीच्या थरातली माती एकरी ९ लाख किलोच्या आसपास असते. भागाकार करा: मातीतलं शिसं वर्षाला किलोमागे ०.०२ मिलिग्रॅमने वाढलं. शंभर वर्षांत दोन. खतातून येणाऱ्या जड धातूंची काळजी करायचीच असेल तर ती कॅडमियमची करावी. ते फॉस्फेटच्या खडकातून येतं, जस्ताच्या टाकाऊ मालापासून बनवलेल्या हलक्या सूक्ष्म अन्नद्रव्यांतून येतं आणि शिशापेक्षा कितीतरी सहज पिकात चढतं. खत नियंत्रण आदेशात झिंक सल्फेटमधल्या शिसं आणि कॅडमियमला वेगळी मर्यादा घालून दिलेली आहे ती उगाच नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर खताच्या पोत्यात नाही.

राखेचंही तेच. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं, राख तिथे कमी नाही. पण कोळशाच्या राखेत शिसं किलोमागे काही दहा मिलिग्रॅमच्या पातळीवर असतं. ५० धरलं तरी तुमच्या पावडरीत तिसरा हिस्सा राख लागेल. तशी पावडर पिवळी न दिसता करडी दिसली असती आणि दाताखाली कचकच लागली असती.

थोडक्यात, १८ यायला असा पदार्थ हवा ज्यात शिसं हजारांत किंवा टक्क्यांत आहे. असे पदार्थ वावरात सहसा नसतात. ते असतात रंगात, डागकामात, बॅटरीत, काही मिश्रधातूंत. म्हणजे हळद जमिनीबाहेर आल्यावर, शिजवण्यापासून पॉलिश, साठवण, दळण आणि पॅकिंगपर्यंत कुठेतरी तिची आणि अशा पदार्थाची गाठ पडली आहे. शोध तिथे घ्यायचा.

आता अहवालाकडे वळू. त्यात फक्त शिसं पाहिलेलं आहे आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. एकट्या शिशाच्या आकड्यावरून मर्यादा ओलांडली की नाही एवढंच कळतं, ते कुठून आलं हे कळत नाही. धातू सहसा एकटा येत नाही, आपल्या घरच्या माणसांसोबत येतो, आणि ती माणसं ओळखली की घर सापडतं. म्हणून त्याच पावडरीचा राखून ठेवलेला भाग काढा आणि प्रयोगशाळेला क्रोमियम, निकेल, तांबं, जस्त, कथील, अँटिमनी, कॅडमियम, आर्सेनिक, लोह आणि टायटॅनियम असे सगळे एकत्र मागा. आयसीपी-एमएस या, अगदी थोडे धातूही मोजणाऱ्या यंत्रावर हे सगळं जवळजवळ एकाच खेपेत निघतं, फक्त सांगावं लागतं.

मग वाचायचं असं. शिशासोबत कथील वाढलेलं असेल तर डागकाम किंवा भेसळीची कल्हई. तांबं आणि जस्त दोन्ही वाढलेले असतील तर पितळ. कातून घडवायला सोपं जावं म्हणून काही पितळात मुद्दाम दोन-तीन टक्के शिसं घालतात. अँटिमनी असेल तर बॅटरीचं शिसं. नुसतं जस्त भरपूर असेल तर गॅल्व्हनाइज्ड पत्रा. लोह, टायटॅनियम, क्रोमियम, निकेल सगळे हातात हात घालून वाढलेले असतील तर ती आपली काळी माती, आणि त्यात शिसं वाढायचं कारण नाही. क्रोमियम आणि निकेल साधारण दोनास एक आणि सोबत लोह, म्हणजे स्टेनलेस स्टीलची झीज, बहुतेक वेळा दळण्याच्या यंत्राची.

आणि शिसं व क्रोमियम वजनाने चारास एक असेल, तर लेड क्रोमेट. हळदीच्या बाबतीत हे गुणोत्तर सगळ्यात महत्त्वाचं. लेड क्रोमेट म्हणजे कारखान्यांत वापरला जाणारा झगझगीत पिवळा रंग. त्याच्या रेणूत शिशाचा एक अणू आणि क्रोमियमचा एक. अणुभार २०७ आणि ५२, म्हणून वजनाचं गुणोत्तर जवळजवळ नेमकं ४. तुमच्या १८ मिलिग्रॅम शिशामागे हाच रंग असेल तर त्याच्यासोबत साधारण साडेचार मिलिग्रॅम क्रोमियम यायला हवं. मात्र काळ्या मातीच्या धुळीने आणि यंत्राच्या झिजेने हळदीत थोडं क्रोमियम मुळातच असतं, त्यामुळे एकाच नमुन्याचा सरळ भागाकार फसवतो. त्याऐवजी दोन नमुने घ्या, एक कमी शिशाचा आणि एक जास्त शिशाचा. दोघांतल्या शिशाच्या फरकाला क्रोमियमच्या फरकाने भागा. चारच्या आसपास आलं तर संशय पक्का.

ही भेसळ काही कपोलकल्पित नाही. बांगलादेशात संशोधकांनी गरोदर बायकांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढला तो हळदीपर्यंत पोचला. पूर आल्यावर हळकुंडं काळवंडायची, व्यापारी ती उजळवायला हा रंग लावायचे, आणि मग तीच रीत पडली. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत ही भेसळ होती. सरकारने घाऊक बाजारात धाडी घातल्या, लोकांना जागं केलं आणि २०२१ पर्यंत ती शून्यावर आली. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या २३ शहरांतून घेतलेल्या ३५६ नमुन्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिसं किलोमागे २ मिलिग्रॅमच्या वर होतं आणि पाटण्याच्या काही नमुन्यांत तर १००० च्याही वर. शिशाबरोबर क्रोमियम चढत होतं, तेही याच प्रमाणात.

म्हणून आता एक अवघड प्रश्न विचारतो, रागावू नका. त्या ६०० किलोंत सगळी हळद तुमच्याच सभासदांची होती का? ऑर्डर मोठी, माल थोडा कमी पडला, म्हणून कोणी बाजारातून एखादं-दोन पोती पॉलिश केलेली हळकुंडं आणून भर घातली, असं झालं नाही ना? असं करणारी माणसं वाईट नसतात, त्यांना वेळेवर माल द्यायचा असतो. पण हिशेब बघा. १८ चा आकडा सगळ्या ६०० किलोंत सारखा पसरलेला असायलाच हवा असं नाही. ५० किलोचं एकच पोतं २१६ मिलिग्रॅमचं असेल आणि बाकी सगळा माल निर्मळ असेल, तरी सरासरी १८ च येते. भेसळीच्या मालात २१६ ही मोठी गोष्ट नाही. वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं, मागणी वाढली. पण मानांकन पाकिटावर असतं, पोत्यात नाही. तेव्हा खरेदीची वही काढा आणि त्या लॉटमधलं प्रत्येक पोतं कोणाच्या घरून आलं ते नावानिशी लिहा. ज्या पोत्यापुढे नाव लिहिता येत नाही, त्याचा नमुना पहिला.

तरीही चारास एक आलं म्हणजे कोणीतरी मुद्दाम रंग मिसळला, अशी घाई करू नका. हाच लेड क्रोमेट यंत्रांच्या पिवळ्या-नारिंगी ऑइल पेंटमध्येही असू शकतो. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे किलोमागे ९० मिलिग्रॅमच्या वर नको असा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, पण तो नावाप्रमाणे घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरताच आहे. पॉलिश ड्रमच्या आतल्या बाजूला, गिरणीच्या वरच्या पेटीला, बॉयलरच्या झाकणाला मागच्या मालकाने कोणता रंग मारला होता हे कोणालाच ठाऊक नसतं. तो उडायला लागला की त्याचे पापुद्रे मालात जातात. ओळखायची खूण म्हणजे विस्कळीतपणा. पापुद्र्यांचं शिसं कणाकणाने असतं, त्यामुळे एकाच पिशवीतून तीन वेळा घेतलेल्या नमुन्यांत एकदा ४, एकदा ५५, एकदा ६ असं येतं. हळकुंडांवर चोळलेला रंग दळल्यावर बराच सारखा पसरतो आणि तीन आकडे एकमेकांजवळ येतात. म्हणून एकाच नमुन्याची तीनदा तपासणी हा खर्च मला कधीच वाया गेलेला वाटला नाही.

आता प्रत्यक्ष माग. वावरापासून पाकिटापर्यंत हळद जिथे जिथे हात बदलते किंवा भांडं बदलते, तिथे तिथे एक नमुना. ओली हळद खणून, स्वच्छ पाण्याने धुऊन, साल काढून, काप करून घरात जाळीखाली वाळवलेली. शिजवून काढलेली. अंगणात किंवा ताडपत्रीवर वाळलेली. पॉलिशच्या आधीची आणि नंतरची. गिरणीच्या तोंडाशी आलेली हळकुंडं. गिरणीतून निघालेली पहिली किलो-दोन किलो पावडर आणि नंतर मधली. शेवटी पाकिटातली. सगळ्या सभासदांचे नमुने नकोत. वेगवेगळ्या ठिकाणी शिजवणाऱ्या आणि पॉलिश करणाऱ्या पाच-सहा जणी निवडा. ज्या दोन टप्प्यांच्या मध्ये आकडा उडी मारतो, तिथेच चोर.

यात एक फसगत हमखास होते. ओली हळद वाळून साधारण पाचव्या हिश्शावर येते. ओल्या हळदीत ०.१ मिलिग्रॅम असलेलं शिसं वाळलेल्या हळदीत ०.५ दिसणारच, त्यात बाहेरून काही आलेलं नाही. सगळे आकडे वाळलेल्या वजनावर मागा, नाहीतर वाळवण्याच्या अंगणावर विनाकारण आळ येईल.

गिरणीसाठी माझी आवडती युक्ती तांदळाची कणी. एकाच पोत्यातली कणी घ्या, थोडी तशीच बाजूला ठेवा आणि चार-पाच किलो त्या गिरणीतून दळून आणा. दोन्ही तपासा. दळलेल्या कणीत शिसं वाढलं तर गिरणी दोषी, कारण कणीला ना कोणी पॉलिश केलं ना रंग लावला. ही चाचणी गिरणीवाल्या भाऊंसमोरच करा, म्हणजे त्यांचाही विश्वास बसतो. दगडी जात्याची गिरणी असेल तर दगड बसवताना खुंट्याभोवती शिसं ओतलं आहे का ते विचारा. १९८० च्या दशकात वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी गावांत शिशाची विषबाधा झाली, तिचं मूळ अशाच गिरण्यांत निघालं होतं. दगडाची बैठक पक्की करायला ओतलेलं शिसं पिठात येत होतं. पल्वरायझर, म्हणजे हातोड्यांनी दळणारं यंत्र असेल तर झिजलेले हॅमर आणि जाळी बघा, पण त्यातून क्रोमियम-निकेल येईल, शिसं नाही. आणि एक साधी शक्यता: तुमच्या आधी दुसऱ्याची रंग लावलेली हळद दळली गेली असेल तर तिचा अंश तुमच्या पहिल्या काही किलोंत येतो. म्हणूनच पहिल्या पावडरीचा नमुना वेगळा घ्यायचा.

शिजवायच्या भांड्याबद्दल थोडं. लोखंडी कढई निर्धास्त. वाफेचा बॉयलर असेल तर जोड कशाने डागले ते पाहा. जुन्या बॅरलपासून केलेला ड्रम असेल तर त्यात आधी काय होतं आणि आतून रंग आहे का ते पाहा, आणि शक्यतो तो बदलाच. तरीही शिजवण्याच्या पाण्यातून १८ पर्यंत मजल जाईल असं मला वाटत नाही. माझा संशय क्रमाने असा: बाहेरून आलेला माल, मग पॉलिश, मग गिरणी.

नमुना घेताना नवी पारदर्शक पन्नी वापरा. रद्दी कागद नको, रंगीत किंवा पुनर्वापराची काळी पन्नी नको, पितळी माप नको. पोत्याच्या वरून, मधून, तळातून घेऊन एकत्र करा. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा, एक प्रयोगशाळेला, एक सही-तारखेसह सीलबंद तुमच्याजवळ. पिशवीवर फक्त नंबर, नाव नको. कोणता नंबर कोणाचा ते वहीत. आणि त्यात एक नमुना दोन वेगळ्या नंबरांखाली टाका. दोन आकडे जुळले नाहीत तर बाकीच्या आकड्यांवरही फार विसंबू नका.

प्रयोगशाळा निवडताना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका. मान्यतेच्या यादीत मसाल्यातलं शिसं आहे का ते पाहा. संदर्भ नमुन्याचा (ज्यातलं शिसं आधीच ठाऊक आहे त्याचा) निकाल, रिकाम्या, म्हणजे नमुना न घालता केलेल्या चाचणीचा आकडा आणि मुद्दाम घातलेलं शिसं किती टक्के परत मिळालं हे मागा. ८० ते १२० टक्क्यांच्या बाहेर असेल तर आकडा मानू नका. पावडर त्यांच्या स्टीलच्या यंत्रात पुन्हा दळू नका असंही सांगा, नाहीतर क्रोमियम त्यांच्याकडूनच येईल. आणि एकक नीट वाचा. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅमच्या गोंधळात हजारपट फरक पडतो आणि तो गोंधळ छापील अहवालांतही सापडतो.

घरच्या चाचण्यांचं लोक विचारतात. ग्लासभर पाण्यात हळद टाकून बघा वगैरे. भेसळ टक्क्यांत असेल तर कदाचित काही दिसेल. १८ पीपीएम म्हणजे १० लाख भागांत १८ भाग, ते डोळ्यांना दिसत नाही. रसायनशाळेतली जुनी चाचणी आहे, हळदीची राख करून सौम्य सल्फ्युरिक आम्लात विरघळवायची आणि डायफेनिल कार्बाझाइड घालायचं, गुलाबी रंग आला तर लेड क्रोमेट. ती जाणत्याच्या हातून चांगली. सराफाकडे सोनं तपासायचं क्ष-किरण यंत्र असतं, तिथे हळद घेऊन जायचा मोह होतो. तत्त्व तेच असलं तरी ते यंत्र सोन्यासाठी बेतलेलं आहे, पावडरीतल्या पीपीएमसाठी नाही. त्याच जातीचं, पण माती आणि अन्नासाठी बेतलेलं हातातलं यंत्र कुठल्या संशोधन संस्थेकडून मिळालं तर मात्र गोदामातली सगळी पोती एका दिवसात चाळून होतात आणि महागडी तपासणी मोजक्याच नमुन्यांची करावी लागते.

शिशाच्या समस्थानिकांबद्दलही कोणीतरी तुम्हाला सांगेल. शिशाचे २०४, २०६, २०७ आणि २०८ वजनाचे चार प्रकार असतात आणि त्यांचं प्रमाण कोणत्या खाणीतून शिसं आलं त्यावर ठरतं. शिजवून, जाळून, दळून ते बदलत नाही. बांगलादेशात रक्तातलं आणि हळदीतलं शिसं जुळवायला ही पद्धत कामी आली. पण आपल्याकडे भंगारातून पुन्हा पुन्हा वितळवलेलं शिसं इतकं मिसळलेलं असतं की दोन संशयित एकसारखेच दिसू शकतात. कोर्टकचेरी होणार असेल तरच तिकडे जा. तुमचं काम क्रोमियमच्या एका आकड्यात होईल.

हे सगळं वाचून माती कधीच दोषी नसते असं समजू नका. ते पिकावर आणि धातूवर अवलंबून आहे. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत गोष्ट उलटी आहे. तिथे माती बेसाल्टची नाही आणि पीक पाण्यात उभं असतं. साचलेल्या पाण्यात मातीतलं आर्सेनिक मोकळं होऊन धानात चढतं. बांधी कोरडी केली की आर्सेनिक दबतं, पण कॅडमियम डोकं वर काढतं. गडचिरोली-गोंदियाच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडच्या तेव्हाच्या राजनांदगाव जिल्ह्यातल्या कौडीकसा भागात भूजलातलं आर्सेनिक १९९० च्या दशकापासून माहीत आहे, आणि खडक राज्याची सीमा पाहून थांबत नाही. त्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणाऱ्याने आधी पाणी तपासावं. पिण्याच्या पाण्यासाठी आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढून टाकलं तर अजैविक आर्सेनिक बरंच कमी होतं, वेळणी करून भात करायची आपली जुनी रीत या कामी चांगली.

पालेभाजीचं वेगळं. पालक, सांबार (कोथिंबीर) यांवर धूळ बसते, म्हणून राख किंवा रस्त्याचा संशय असेल तर एकाच जुडीचे दोन भाग करून एक धुऊन आणि एक न धुता तपासायचा. धुतल्यावर आकडा कोसळला तर धातू हवेतून आलेला, तसाच राहिला तर मातीतून किंवा पाण्यातून. नाग नदीचं पाणी नागपूरचं सांडपाणी घेऊन कन्हान-वैनगंगेमार्गे गोसीखुर्दपर्यंत जातं. त्या काठच्या भाज्या आणि मासळीसाठी पाणी, गाळ आणि पीक तिन्ही एकाच दिवशी घ्यावे लागतात.

आता तातडीचं. हळदीतल्या शिशाची आपली कायदेशीर मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे. युरोपात मुळ्या-कंदांच्या मसाल्यांसाठी ती १.५ आहे. पण मर्यादेपेक्षा महत्त्वाचं म्हणजे पोटात किती गेलं. एखाद्या लेकराने दिवसाला अर्धा ग्रॅम ही हळद खाल्ली तर ९ मायक्रोग्रॅम शिसं गेलं. अमेरिकेच्या अन्न प्रशासनाने मुलांसाठी दिवसाची संदर्भ पातळी २.२ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. आणि सभासदांच्या घरी हीच हळद वापरात असणार. तेव्हा ती आजच थांबवा. ज्या घरांत लहान मुलं किंवा गरोदर बाई आहे त्यांची शिरेतून रक्त घेऊन शिशाची तपासणी करून घ्या, सेवाग्राम किंवा नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात चौकशी करा. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर किंवा वर आलं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते स्रोत शोधून बंद करायलाच हवा. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, आणि आपल्याकडे बायका-मुलांत रक्तक्षय घरोघरी, म्हणून डॉक्टरांना हिमोग्लोबिनही पाहायला सांगा. रक्तात शिसं निघालं तर हळदीवरच थांबू नका. कल्हईत स्वस्ताईसाठी कथिलात शिसं मिसळलं जातं, आणि भंडाऱ्याची पितळी भांडी आपल्या घराघरांत. मारुतीला लावायचा शेंदूर म्हणजे बहुतेकदा शिशाचाच ऑक्साइड. सुरम्यात शिसं. काही रसौषधांत, म्हणजे धातूंची भस्मं घातलेल्या आयुर्वेदिक औषधांत, शिसं किंवा पारा असतो. अमेरिकेत २००८ च्या एका अभ्यासात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. घरात कोणी मोडक्या बॅटऱ्या वितळवत असेल तर आधी ते.

बाहेरच्या मालावर संशय पक्का झाला, तर पावती आणि सीलबंद नमुना घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे जा. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली विकत घेणाऱ्यालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, हे फार जणांना माहीत नसतं. लॉटमधली काही पाकिटं आधीच विकली गेली असतील तर ती परत बोलवा.

राहिले ते ६०० किलो. त्यात चांगली हळद मिसळून आकडा दहाच्या आत आणायचा सल्ला तुम्हाला नक्की कोणीतरी देईल. ऐकू नका. शिसं तेवढंच राहतं, फक्त जास्त घरांत वाटलं जातं, आणि तुमचा सगळा मागही पुसला जातो. हळदी-कुंकवाला, नवरदेवाच्या हळदीला, गुरांच्या जखमेला, अशी कुठेच वापरू नका. उकिरड्यात टाकू नका, जाळू तर मुळीच नका, शिसं धुरात जातं. दुहेरी पन्नीत बांधून, वर ठळक लिहून, कुलपात ठेवा. शोध पूर्ण होईपर्यंत तो पुरावा आहे. नंतर बुटीबोरीला घातक कचऱ्याचं सामायिक केंद्र आहे, तिथे द्यायची प्रक्रिया प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयातून समजून घ्या, आणि दिल्याची पावती त्या लॉटच्या वहीतच चिकटवून ठेवा.